‘मी आर्मीतून बोलतोय’ म्हटल्यावर दुकानदार आता आधी कार्ड का मागतात?

समजा, ठाण्यातल्या नौपाड्यात गोखले रोडवर चष्म्याचं एक दुकान आहे. काचेवर स्टिकर आहे, ‘माजी सैनिकांना १० टक्के सवलत’. पंधरा-वीस वर्षं सैन्यात काढलेले एक काका आत येतात, फ्रेम पसंत करतात आणि बिलाच्या वेळी म्हणतात, ‘मी माजी सैनिक आहे.’

काउंटरवरचा मुलगा विचारतो, ‘कार्ड आहे का काका?’

प्रश्न साधा आहे आणि मुलगाही उद्धटपणे विचारत नाही. तरी काकांना तो लागतो. ज्याने जम्मूत, आसामात बर्फात-पावसात पोस्टिंग काढली, त्याला शे-दोनशे रुपयांसाठी ‘तुम्ही खरे कशावरून?’ असं विचारल्यासारखं ते होतं. बरेच जण खिशात कार्ड असूनही म्हणतात, ‘राहू दे, पूर्ण पैसे घे.’

दुकानदाराचीही बाजू आहे. गेल्या काही वर्षांत ‘मी आर्मीतून बोलतोय’ या एका वाक्यावर महाराष्ट्रातल्या हॉटेलवाल्यांना, मिठाईवाल्यांना, डॉक्टरांना, फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांना आणि जुनी स्कूटर शोधणाऱ्यांना इतक्या वेळा गंडवलंय की आता हे वाक्य ऐकलं की माणूस आधी सावध होतो.

ज्या वाक्यावर आपण डोळे झाकून विश्वास ठेवायचो, त्याची ही अवस्था कशी झाली?

गावात कार्ड लागत नव्हतं

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. लोक त्याला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान मारले गेले. तिथे पिढ्यानपिढ्या घरटी कुणी ना कुणी सैन्यात आहे. अशा गावात निवृत्त जवान किराणा दुकानात गेला, तर त्याला कार्ड कोण मागणार? दुकानदाराचा स्वतःचा चुलता फौजेत असतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत निवृत्त होऊन आलेला माणूस शिपाई असो की सुभेदार, सगळे त्याला सरसकट ‘मेजर’ म्हणतात. हुद्दा चुकीचा असतो, ओळख मात्र पक्की असते.

जुन्या नौपाड्यातही थोडंफार असंच होतं. घंटाळी, विष्णूनगर, राम मारुती रोड या भागातल्या वाड्यांमधली आणि दोन-तीन मजली इमारतींमधली माणसं एकमेकांना तीन पिढ्या ओळखायची. वाण्याकडे उधारीची वही असायची. कुणाचा मुलगा एअर फोर्समध्ये लागला हे वाण्याला त्याच्या मावशीआधी कळायचं. पुढे वाडे पडले, इमारती रिडेव्हलपमेंटला गेल्या, नवे शेजारी आले. गल्ल्यावरची मालकाची जागा पगारी मुलाने घेतली. त्याला समोरच्या माणसाबद्दल काहीही माहिती नाही आणि त्यात त्याचा दोषही नाही.

सवलत देणं म्हणजे दुकानदाराने स्वतःच्या नफ्यातून पैसे सोडणं. खासगी दुकानाने दिलेल्या सुटीची भरपाई त्याला सरकारकडून मिळत नाही. म्हणून या पाट्या चष्म्याच्या दुकानात, पॅथॉलॉजी लॅबमध्ये, क्लासेसमध्ये, हॉटेलात जास्त दिसतात. तिथे १० टक्के सोडता येतात. तांदूळ-डाळीवर मार्जिन इतकं कमी असतं की किराणावाला ही चैन करूच शकत नाही.

आता फोनवरचा ‘मेजर साब’

फसवणुकीचा हा प्रकार तीन-चार रूपांत फिरतो आणि आजही चालतो, म्हणून तो नीट समजून घेतलेला बरा.

पहिलं रूप ओएलएक्ससारख्या साइटवरचं. ॲक्टिव्हा किंवा बुलेट, नवीकोरी आणि निम्म्या किमतीत. विकणारा सांगतो, ‘मी फौजी आहे, माझी बदली झाली, गाडी नेता येत नाही.’ तुम्ही शंका काढायच्या आत व्हॉट्सॲपवर वर्दीतला फोटो, आर्मीचं ओळखपत्र आणि कॅन्टीन कार्ड येतं. गाडी कुठे आहे? एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये किंवा कॅम्पात. बघायला येऊ? नाही, आत सोडत नाहीत. मग ‘आर्मी ट्रान्सपोर्टने’ गाडी घरपोच पाठवायचं ठरतं. त्यासाठी आधी दोन-तीन हजार, मग गेट पासचे, मग जीएसटीचे, मग ‘गाडी तुमच्या शहरात आली आहे, शेवटचं पेमेंट करा’. गाडी अर्थातच कधी येत नाही.

दुसऱ्या रूपात तो विकणारा नसून घेणारा असतो. तुम्ही जुना सोफा किंवा फ्रिज विकायला काढता, पाच मिनिटांत ‘जवाना’चा फोन येतो. घासाघीस न करता तो किंमत मान्य करतो. इथेच खरं तर शंका यायला हवी, आपल्याकडे जुना सोफा घासाघीस न करता कोण घेतं? मग तो क्यूआर कोड पाठवतो, ‘स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील.’ स्कॅन करून पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात.

हाच माणूस घरमालकालाही फोन करतो. ठाण्यात वन बीएचके भाड्याने द्यायचा आहे अशी जाहिरात दिसली की ‘माझी मुंबई एअरपोर्टवर बदली झाली आहे, फॅमिली आणतोय, डिपॉझिट आजच पाठवतो’ असं सांगतो. समोर बहुधा निवृत्त जोडपं असतं. सुरक्षा दलातला भाडेकरू मिळतोय म्हटल्यावर ते खूश होतात, कारण असा भाडेकरू भाडं बुडवणार नाही, दंगा करणार नाही. मग तो म्हणतो, ‘आमच्या डिपार्टमेंटची सिस्टीम वेगळी आहे. तुम्ही आधी एक रुपया पाठवा, दुप्पट परत येतील.’ एक रुपयाचे खरोखर दोन रुपये येतात. पुढच्या वेळी पन्नास हजार पाठवायला सांगितलं जातं, आणि ते परत येत नाहीत.

चौथं रूप व्यापाऱ्यांना सगळ्यात महागात पडलं. ठाण्यात कोलशेतला हवाई दलाचं केंद्र आहे हे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा ‘कॅम्पातून बोलतोय, पन्नास थाळ्या हव्यात, गाडी पाठवतो’ असा फोन आला तर हॉटेलवाल्याला तो खोटा का वाटावा? जेवण तयार झालं की फोन येतो, ‘पेमेंट आमचे कॅशियर साहेब करतील.’ साहेब व्हिडिओ कॉलवर येतात, कार्डाचा नंबर आणि ओटीपी विचारतात, किंवा ‘व्हेरिफिकेशन’साठी आधी तुम्हालाच पैसे पाठवायला लावतात. डॉक्टरांना आणि लॅबवाल्यांना ‘पंचवीस जवानांची तपासणी करायची आहे’ असं सांगितलं जातं. थाळीच्या जागी रक्तचाचणी येते, बाकी गोष्ट तीच.

हे चालतं कशामुळे?

लोक मूर्ख आहेत म्हणून, असं उत्तर कमेंटमध्ये नेहमी येतं. ते चुकीचं आहे.

भारतात लोकांचा कोणत्या संस्थेवर किती विश्वास आहे, हे तपासणारी सर्वेक्षणं लोकनीती-सीएसडीएससारख्या संस्था करत आल्या आहेत. पोलिस, राजकीय पक्ष, सरकारी अधिकारी यांच्या तुलनेत सैन्यदल त्यात वरच्या क्रमांकावर असतं. ज्याच्या नावावर सगळ्यात जास्त विश्वास, त्याच्याच नावाने फसवणं सगळ्यात सोपं. नगरसेवकाचा पीए म्हणून कुणी स्वस्तात बुलेट विकू लागला, तर आपण फोन ठेवून देऊ.

शिवाय सैन्याच्या नावात प्रत्येक शंकेचं उत्तर आधीच तयार असतं. भेटता येणार नाही, कारण कॅम्पात प्रवेश नाही. पत्ता सांगता येणार नाही, कारण सुरक्षा. घाई आहे, कारण बदली. पैसे देण्याची पद्धत विचित्र आहे, कारण ‘आर्मीची सिस्टीम’. आपल्यापैकी बहुतेकांना सैन्याचा कारभार आतून माहीत नसतो आणि त्याबद्दल जास्त विचारणं आपल्यालाच बरं वाटत नाही. देशासाठी लढणाऱ्याला कसं अडवायचं? हा संकोच फसवणाऱ्याला नेमका माहीत असतो.

खरं तर सैन्याच्या खरेदीला लेखी ऑर्डर लागते, बिल लागतं. ज्याला पैसे मिळायचे आहेत त्यानेच आधी पैसे पाठवावेत, अशी ‘सिस्टीम’ कुठल्याही युनिटची नसते. यूपीआयचा नियमही एका ओळीचा आहे: पैसे घ्यायला पिन लागत नाही. या फसवणुकींमुळेच एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे यूपीआयवरून पैसे मागण्याची ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ची सोय बंद केली. क्यूआर कोडची युक्ती मात्र अजून चालते.

आता ओळखपत्राच्या फोटोकडे या. तो एक तर बनावट असतो, किंवा एखाद्या खऱ्या जवानाच्या कार्डाचा असतो, ज्याला आपल्या चेहऱ्यावर कुणीतरी स्कूटर विकतंय याचा पत्ताही नसतो. म्हणजे इथे दोघं फसतात. एकाचे पैसे जातात, दुसऱ्याचं नाव. सवलत देताना ‘कार्डाचा फोटो व्हॉट्सॲप करा’ असं सांगणारा दुकानदार हा धोका नकळत वाढवतो. फोटो किती मोबाइलमध्ये फिरेल याचा हिशेब राहत नाही. कार्ड समोर बघावं आणि परत द्यावं, एवढं पुरेसं आहे. आणखी एक साधी खूण अशी की खरा जवान न मागता आपलं ओळखपत्र अनोळखी माणसाला पाठवत नाही.

मग माजी सैनिक नक्की कोण?

हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. सैन्यात काही काळ काढला की माजी सैनिक, असं नसतं. केंद्र सरकारची व्याख्या आहे. लष्कर, नौदल, हवाई दल यांतून पेन्शन घेऊन निवृत्त झालेले, सेवेमुळे आलेल्या अपंगत्वामुळे बाहेर पडलेले, ठरलेला करार पूर्ण केलेले वगैरे लोक त्यात येतात. गैरवर्तनामुळे काढलेले येत नाहीत. ओळखपत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मिळतं आणि राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं मुख्यालय पुण्यात आहे.

सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफचे निवृत्त जवान या व्याख्येत बसत नाहीत. ही दलं गृह मंत्रालयाखाली येतात, संरक्षण मंत्रालयाखाली नाही. त्यांना ‘माजी केंद्रीय सशस्त्र पोलिस दल कर्मचारी’ असं वेगळं नाव २०१२ मध्ये मिळालं, माजी सैनिकांच्या सवलती नाही मिळाल्या. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात सीआरपीएफचे ४० जवान गेले तेव्हा अख्ख्या देशाने त्यांना सैनिक म्हणूनच सलाम केला. त्यांच्यासोबतचा एखादा जवान उद्या निवृत्त होऊन नौपाड्यात चष्मा घ्यायला आला, तर स्टिकरवरच्या शब्दानुसार तो बसत नाही. दुकानदाराने त्याला सवलत द्यावी की नाही? बहुतेक जण देतात आणि बरोबरच करतात. पण तेव्हा तो दुकानदार स्वतःच्या मनातली व्याख्या वापरत असतो, सरकारची नाही.

कॅन्टीनमध्ये भांडण का होत नाही?

कारण तिथे विश्वासाचा प्रश्नच ठेवलेला नाही. कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट, म्हणजे सीएसडी, १९४८ मध्ये सुरू झालं. मुख्यालय मुंबईत चर्चगेटजवळ. देशभरात ३४ डेपो आणि त्यांच्याकडून माल घेणारी युनिटची कॅन्टीन. माल स्वस्त मिळतो त्याचं मोठं कारण कर. सीएसडीला खरेदीवरचा निम्मा जीएसटी परत मिळतो. इथे पैसे सरकार सोडतं, म्हणून तपासणीही कडक. स्मार्ट कार्ड, ते मशीनमध्ये टाकायचं, महिन्याची मर्यादा. किराणाचं कार्ड वेगळं, दारूचं वेगळं.

एवढं असूनही गळती होती आणि आहे. ‘तुमच्या काकांना सांगून एक मिलिटरीची बाटली मिळेल का?’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्या लग्नाआधी म्हटलं गेलं नाही? कॅन्टीनची दारू बाहेर विकणं गुन्हा आहे, हे मागणाऱ्यालाही माहीत असतं. गाड्यांच्या बाबतीत तर सरकारलाच २०१९ मध्ये नियम घट्ट करावे लागले. अधिकाऱ्यांना आठ वर्षांत एकदाच, आणि जीएसटी सोडून १२ लाखांपर्यंतचीच कार कॅन्टीनमधून घेता येईल अशी मर्यादा आली. गणवेशाबद्दल आदर बाळगणारे आणि त्याच गणवेशाच्या कार्डावर शेजाऱ्यासाठी मिक्सर आणायला लावणारे लोक वेगळे नसतात, हे जरा कडू असलं तरी खरं आहे.

मोठ्या पातळीवरचं उदाहरण तर मुंबईनेच पाहिलंय. कुलाब्यातली आदर्श सोसायटी, ३१ मजली. कारगिलच्या वीरांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी असलेली घरं राजकारण्यांच्या आणि बाबूंच्या नातेवाइकांनी लाटली, असा आरोप २०१० मध्ये गाजला आणि तत्कालीन मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे चौकशी आयोगाने म्हटलं की जमीन राज्य सरकारची होती आणि ती कारगिलसाठी राखीव नव्हतीच. कायद्याच्या भाषेत हा मोठा फरक आहे. पण लोकांच्या मनात एवढंच राहिलं की सैनिकांच्या नावावरही खातात.

अमेरिकेत काय झालं?

तिथे माजी सैनिकांना सवलत देण्याची पद्धत आपल्यापेक्षा खूप जुनी आणि पसरलेली आहे. तिथला वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. कॅलिफोर्नियातल्या पाणीपुरवठा मंडळाचा एक सदस्य झेवियर अल्वारेझ याने सभेत सांगितलं की त्याला देशाचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालंय. ते धादांत खोटं होतं. २००५ च्या कायद्यानुसार त्याच्यावर खटला झाला. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदाच रद्द केला आणि नुसतं खोटं बोलणं हा गुन्हा होऊ शकत नाही, असं सांगितलं. मग २०१३ मध्ये नवा कायदा आला. त्यात पदकाबद्दल खोटं बोलून पैसे, वस्तू किंवा दुसरा ठोस फायदा उकळला, तर गुन्हा. बढाई चालेल, बढाईवर कमाई चालणार नाही.

मग तपासणीचाच धंदा उभा राहिला. आयडी डॉट मी ही कंपनी २०१० मध्ये सैनिकी कुटुंबांसाठीची ‘ट्रूपस्वॅप’ ही साइट म्हणून सुरू झाली आणि पुढे ‘हा ग्राहक खरंच माजी सैनिक आहे’ हे दुकानांना तपासून देऊ लागली. होम डेपोसारख्या साखळी दुकानात १० टक्के सवलतीसाठी आता आधी ऑनलाइन नोंदणी लागते. दुकानदाराची कटकट संपली, काउंटरवरचा अपमानही संपला. बदल्यात ग्राहकाची माहिती तिसऱ्याच कंपनीकडे गेली. याच आयडी डॉट मीचं चेहरा ओळखण्याचं तंत्र अमेरिकेच्या आयकर खात्याने सगळ्या करदात्यांच्या लॉगिनसाठी वापरायचं ठरवलं, तेव्हा इतका गदारोळ झाला की फेब्रुवारी २०२२ मध्ये खात्याला माघार घ्यावी लागली. ब्रिटनने सरळ मार्ग घेतला. तिथे सरकारच माजी सैनिकांना वेगळं व्हेटरन कार्ड देतं.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

सैनिक नसताना, लोकांना तसं वाटावं म्हणून सैनिकाचा पोशाख किंवा चिन्ह वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या आयपीसीत, म्हणजे १८६० पासून, हा दंड पाचशे रुपये होता. तोतयेगिरी करून फसवलं तर कलम ३१९ लागतं आणि मोबाइल-कॉम्प्युटरवरून केलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड. २०१६ मध्ये पठाणकोट हल्ल्यानंतर लष्कराने दुकानदारांना लष्करी कपडे विकू नका असं आवाहन केलं होतं, आणि २०२२ मध्ये नव्या गणवेशाच्या डिझाइनची नोंदणीच करून घेतली.

फसवणूक झाली असेल तर १९३० वर लगेच फोन करायचा. ‘लगेच’ म्हणजे खरंच लगेच. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी बँकेने गोठवले तरच परत मिळण्याची शक्यता असते. लाजेखातर दोन दिवस घरात न सांगणाऱ्यांचे पैसे बहुधा गेलेलेच असतात. अडचण अशी की फोन करणारा ठाण्यात नसतोच. राजस्थानातल्या भरतपूर-अलवर आणि हरियाणातल्या नूह पट्ट्यातल्या टोळ्यांची नावं अशा प्रकरणांत पुन्हा पुन्हा येतात, आणि तिथपर्यंत पोहोचायला पोलिसांना वेळ लागतो.

आता गोखले रोडवरच्या त्या काचेकडे परत या, कारण तिथे लवकरच एक नवा ग्राहक येणार आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षं सेवा, त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंत अग्निवीर कायम, बाकीचे घरी. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ च्या सुरुवातीला पूर्ण होतात. योजनेच्या अटींनुसार बाहेर पडणाऱ्याला साधारण पावणेबारा लाखांचा सेवा निधी मिळेल, कौशल्य प्रमाणपत्र मिळेल. पेन्शन नाही, कॅन्टीन नाही आणि माजी सैनिक हा दर्जाही नाही.

म्हणजे पंचविशीच्या आतबाहेरचा एक मुलगा दुकानात येईल. तो सीमेवर राहिलेला असेल, कदाचित गोळीबारही पाहिलेला असेल. काउंटरवरचा त्याच्याच वयाचा मुलगा विचारेल, ‘कार्ड आहे का?’ आणि त्याच्याकडे ते कार्ड नसेल.